भिखारी ठाकूर आणि एक उसनी पदवी

भोजपुरी भाषेचे कवि व नाटककार भिखारी ठाकूर (१८८७–१९७१) यांना राहुल सांकृत्यायन यांनीं 'भोजपुरीचे शेक्सपिअर' म्हटलें, आणि तेव्हांपासून ही पदवी त्यांच्या नांवाला चिकटून बसली आहे. ती देणाऱ्याचा हेतु उदार होता यांत शंका नाहीं. तथापि शेक्सपिअर शिकविण्यांत ज्याचें निम्में आयुष्य गेलें अशा माझ्यासारख्याला ती वाचतांना थोडी लाज वाटते. परक्याच्या नांवाची मोहोर उठल्यावांचून आपल्याच कवीचें नाणें आपण खरें मानीत नाहीं, असाच तिचा अर्थ होत नाहीं काय?

भिखारी ठाकुरांचा जन्म बिहारांतील सारण जिल्ह्यांत, कुतुबपूर या गांवीं, नाभिक कुटुंबांत झाला. शिक्षण नांवापुरतेंच. पोटासाठीं ते बंगालमधील खरगपुरास गेले व तेथें वस्तरा चालवूं लागले. मेदिनीपूरकडे पाहिलेल्या रामलीलेनें त्यांच्या मनास चटका लावला; गांवीं परतून त्यांनीं नाचाचा फड उभारला. या फडासाठीं नाटकें तेच लिहीत, पदें तेच रचीत आणि भूमिकाहि करीत.

'बिदेसिया' हें त्यांचें सर्वांत गाजलेलें नाटक. नवरा कलकत्त्यास जातो व तेथें दुसरी स्त्री करतो; मागें राहिलेली प्यारी सुंदरी एका वाटसरूकरवीं त्याला निरोप धाडते. तो परततो, पाठोपाठ ती दुसरी स्त्रीहि मुलांसह दारीं येते, आणि सर्वांचा एकच संसार होतो. विरहाचीं पदें हृदय पिळवटून टाकणारीं आहेत. परंतु हा शेवट मला घाईचा वाटतो. जिनें इतकीं वर्षें आसवें गाळलीं, तिला नवऱ्यास जाब विचारण्याची सवड कवीनें दिलेली नाहीं.

ही उणीव 'गबरघिचोर'मध्यें पुरतेपणीं भरून निघते. लग्न होतांच शहरांत गेलेला गलीज पंधरा वर्षांनीं परततो तो मुलावर हक्क सांगण्यासाठीं. मुलाचा जन्मदाता गडबडी हाहि आपला दावा मांडतो. पंचायत बसते. तेव्हां ती आई दुधाचा दाखला देते : दूध माझ्या घरचें, विरजण तेवढें दुसऱ्याचें, मग तूप कोणाचें? कायद्याच्या पुस्तकांत न सांपडणारा हा युक्तिवाद स्वयंपाकघरांतून आलेला आहे, आणि म्हणूनच तो बिनतोड आहे. मुलाचे तीन तुकडे करण्याची वेळ येतांच ती आपला हक्क सोडते, आणि पंच मूल तिच्या पदरांत घालतात. 'अजब न्याय वर्तुळाचा' पाहिलेल्या वाचकांस येथें ब्रेख्त आठवेल. पण ब्रेख्तनें मूल दिलें तें सांभाळणारीला. भिखारी ठाकुरांपुढील प्रश्न वेगळा आहे : पुरुषाच्या नांवावांचून आईचा हक्क उभा राहतो कीं नाहीं?

असें नाटक लिहिणाऱ्याकडे सुशिक्षितांनीं नाक मुरडावें याचें कारण, त्याच्या फडांत पुरुष स्त्रीवेष घेऊन नाचत. बालगंधर्वांनीं शालू नेसला तेव्हां आपण त्यास कला म्हटलें. खेड्यांतील गड्यानें लुगडें नेसलें तर तो मात्र थिल्लरपणा! त्या फडांतील एक नट रामचंद्र मांझी यांना २०२१ सालीं पद्मश्री मिळाली, म्हणजे भिखारी ठाकूर गेल्यानंतर पन्नास वर्षांनीं.

या नाटकांत उपदेश फार आहे आणि पदांचा पाल्हाळहि आहे, हें मान्य केलें पाहिजे. छापील पानावर तीं फिकीं वाटतात, कारण त्यांचा अर्धा प्राण गायनांत व समोर बसलेल्या श्रोतृवृंदांत होता. पण अनेकांच्या घरचें दुःख त्यांच्याच बोलींत त्यांना परत ऐकविणें, हें काम ज्यानें केलें त्याला उसन्या पदवीची गरज काय? त्याचें स्वतःचें नांव पुरेसें आहे.