ड्रायव्हरला कोणी मारले?

हॉवर्ड हॉक्सचा ‘द बिग स्लीप’ (1946) कळत नाही, ही समीक्षकांची जुनी तक्रार. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बॉस्ली क्राउदरचीही तीच. प्रेक्षकांनी ती मनावर घेतली नाही. त्यांना बोगार्ट-बकॉलची जुगलबंदी पुरेशी होती. स्टुडिओनेही 1945 च्या प्रतीतला उलगड्याचा प्रसंग काढून बकॉलची दृश्ये वाढवली.

माझे भांडण दोघांशीही आहे. स्टर्नवुडांचा ड्रायव्हर ओवेन टेलर मोटारीसह समुद्रात मेलेला सापडतो. हा खून की आत्महत्या, असे हॉक्सने तार करून विचारले; मूळ कादंबरीकार चँडलरलाच ते ठाऊक नव्हते! हा किस्सा आजही हसत सांगितला जातो. मालकाच्या धाकट्या मुलीवर जीव लावणारा एक नोकर मेला, आणि ती झाली कथानकातली गमतीदार फट. जनरलच्या मर्जीतल्या शॉन रेगनचे काय झाले, हे कळेपर्यंत मात्र मार्लो थांबत नाही.