लीळाचरित्राचा वंशवृक्ष

आष्टीच्या बाजूने वर्धा नदी ओलांडली, की आपला वर्धा जिल्हा संपून अमरावतीची हद्द लागते आणि पुढे थोड्याच अंतरावर रिद्धपूर येते. ज्या गावी वाजेश्वरीच्या स्थानी म्हाइंभटांनी, ठिकठिकाणच्या साक्षीदारांच्या मुखातून गोळा केलेल्या, महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर यांच्या आठवणींची नागदेवाचार्यांपुढे रुजुवात करून, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लीळाचरित्र सिद्ध केले, त्या गावाच्या शेजारी राहणाऱ्या आम्हा वर्धेकरांना पाठचिकित्सा हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

पाठचिकित्सेत पोथ्यांचा वंशवृक्ष लावण्याची जी रीत एकोणिसाव्या शतकात कार्ल लाखमान या जर्मन पंडिताच्या नावाशी निगडित झाली, तिचे मर्म दोषांच्या परीक्षणात आहे. दोन प्रतींत शुद्ध पाठ समान असला, तर त्यावरून त्यांचे विशेष नाते ठरत नाही. परंतु एकाच शब्दाने संपणाऱ्या दोन ओळींपैकी पहिलीवरून लेखनिकाची दृष्टी दुसरीवर घसरून मधला मजकूर गळाला आणि नेमकी तीच गळती दुसऱ्या पोथीतही आढळली, तर दोन्ही एकाच पूर्वजाच्या नकला असल्याचे अनुमान बळावते. मात्र लेखनिकाने एकच प्रत पुढे ठेवून नक्कल केली, हे या रीतीचे गृहीत आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या आदिपर्वाचे संपादन करताना वि. सी. सुखठणकरांना हे गृहीत ढळलेले दिसले. एका शाखेतला पाठ दुसरीत शिरून इतका संकर झालेला होता की, १९३३च्या प्रस्तावनेत त्यांनी केवळ वंशवृक्षावर भिस्त न ठेवता, परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या परंपरांच्या एकवाक्यतेला अधिक प्रामाण्य दिले. हीच शिस्त अ. का. प्रियोळकरांनी १९३५मध्ये रघुनाथपंडिताच्या दमयंती स्वयंवराच्या संपादनाद्वारे मराठीत रुजविली.

लीळाचरित्राची अडचण याहून मूलगामी आहे. म्हाइंभटांची मूळ प्रत आक्रमणाच्या धामधुमीत नष्ट झाली आणि ग्रंथ पुन्हा शिष्यांच्या स्मरणातून उभा राहिला, अशी संप्रदायाची परंपरा आहे. हिराइसेचा पाठ, परशरामबासांचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ अशी जी नावे पोथ्यांतून येतात, ती लेखनिकांच्या प्रमादांतून फुटलेल्या शाखांची नव्हेत. ती निरनिराळ्या स्मृतींची आहेत. एखाद्या प्रसंगाची दुसरी आठवण ‘वासना’ म्हणून नोंदविण्याचा शिरस्ताही त्या मंडळींनी पाळला. भिन्न साक्ष दडपून ग्रंथ गुळगुळीत करण्याचा मोह त्यांनी टाळला, याबद्दल मला त्यांच्याविषयी अपार आदर वाटतो. मग हे सारे पाठ एका कल्पित आदिप्रतीत विलीन करणे कितपत न्याय्य? माझ्या मते वंशवृक्ष लावावयाचा तो प्रत्येक पाठाच्या नकलांचा निराळा. पाठापाठांतील भेद निकाली न काढता साक्ष म्हणून समोरासमोर छापावा.

या कामी महानुभावांच्या सकळ लिपीचाही उपयोग आहे. अक्षरांची अदलाबदल करणाऱ्या या सांकेतिक लिपीतून देवनागरीत उतरविताना एखादे अक्षर संकेतातच राहून गेले, तर वाक्यात अर्थहीन शब्द उरतो. आणि तोच शब्द अनेक नागरी पोथ्यांत सापडला, तर त्यांचा समान पूर्वज शोधण्याचा तो भक्कम दुवा ठरतो.

ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांच्या परिश्रमांमुळे हा ग्रंथ मुद्रित रूपात वाचकांच्या हाती आला, हे ऋण मोठे आहे. दरम्यान १९९८मध्ये इंग्लंडातील संशोधकांनी चॉसरच्या कँटरबरी कथांतील एका प्रस्तावनेच्या ५८ हस्तलिखितांची नाती, जीवशास्त्रात प्राण्यांचे वंश ठरविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या गणिताने, संगणकावर मांडून दाखविली. ते साधन आपणही अवश्य वापरावे. तथापि कोणता भेद लेखणीचा आणि कोणता स्मरणाचा, हा निवाडा यंत्रावर सोपविता येत नाही. त्यासाठी महानुभावीय परिभाषा जाणणारा संपादक हवा आणि मठांतील पोथ्या छायाचित्रित करताना समाप्तिलेखांचे, समासांतील दुरुस्त्यांचे व निराळ्या हाताने घातलेल्या शब्दांचे तपशीलही त्याच वेळी टिपले गेले पाहिजेत.