खिशांतील घड्याळाची पाठचिकित्सा

हस्तलिखितांच्या संग्राहकांस एक गोष्ट सांगावयास नको. पोथीच्या शेवटीं ज्या लेखकाचें नांव असतें तो बहुधा नक्कल करणारा असतो, ग्रंथकर्ता नव्हे. परंतु हेच गृहस्थ भेंडीबाजारानजीक मटन स्ट्रीटवर खिशांतील जुनें घड्याळ पाहूं लागले म्हणजे हा विवेक विसरतात. तबकडीवर ‘वेस्ट एंड वॉच कंपनी, मुंबई’ अशीं अक्षरें दिसलीं कीं घड्याळ मुंबईंतच घडलें, असें ठरून जातें! ही कंपनी सन १८८६ मध्यें मुंबईंत निघाली हें खरें. पण तिचीं घड्याळें स्वित्झर्लंडमध्यें तयार होत, व त्यांतील कित्येकांचीं यंत्रें लाँजीनच्या कारखान्यांतील आहेत. तबकडीवरचें नांव विकणाऱ्याचें. कर्ता आंत शोधावा लागतो.

असें एक घड्याळ गिरगांवांतील एका स्नेह्यांनीं विकत घेण्यापूर्वीं माझ्याकडे परीक्षणार्थ आणिलें. तें पुढें एखाद्या संशोधनसंस्थेस रेल्वेच्या इतिहासाचें साधन म्हणून द्यावें, असा त्यांचा मानस होता. विक्रेत्याचें म्हणणें असें कीं, हें चांदीचें घड्याळ सन १९०० च्या सुमारास जी. आय. पी. रेल्वेच्या परळ कारखान्यांतील एका अधिकाऱ्याचें असून त्यांतील एकही भाग बदललेला नाहीं. पुरावा दोन प्रकारचा: पाठीवर कोरलेलीं ‘जी. आय. पी.’ हीं अक्षरें, आणि घड्याळ दाखवीत असलेली जुनी ‘मुंबईची वेळ’. सन १९०६ मध्यें प्रमाणवेळ सुरू झाल्यावरही ३९ मिनिटें मागची ती वेळ शहरांत पुष्कळ वर्षें चालली, हें इतिहासाला धरून आहे. पण काटे कोणासही फिरवितां येतात.

तबकडी मिन्याची आहे. तिरप्या उजेडांत भिंगानें पाहतां अक्षरें मिन्यांत भाजलेलीं दिसतात. वरून रंगविलेलीं असतीं तर कडा उचललेल्या दिसल्या असत्या. सेकंदकाटा आपल्या लहान वर्तुळाच्या बरोबर मध्यभागीं उभा आहे, म्हणून तबकडी व यंत्र यांचा संबंध मूळचा मानण्यास हरकत नाहीं. एक केसाएवढा तडा आहे, तो वयाला शोभतो. पाठीचें व त्याखालचें धूळरोधक अशीं दोन्ही झाकणें उघडल्यावर यंत्रावर लाँजीनची खूण व अनुक्रमांक मिळाला. कवचाच्या आंत अस्वलाची मुद्रा आहे. सन १८८० च्या स्विस कायद्यानें ०.८७५ प्रतीच्या चांदीस ती ठरली. येथपर्यंत सर्व ठीक.

मात्र कवचावरील क्रमांक यंत्राच्या क्रमांकाशीं जुळत नाहीं. या कारखान्याच्या घड्याळांत दोन्ही ठिकाणीं बहुधा एकच क्रमांक असतो. अर्थात् कवच दुसऱ्या घड्याळाचें. अडचणीच्या काळीं सोन्याचांदीचीं कवचें वितळविलीं जात आणि यंत्रें सुटीं उरत, हें लक्षांत घेतां यांत नवल नाहीं. परंतु ‘एकही भाग बदललेला नाहीं’ या विधानाचा येथें निकाल लागला.

राहिलीं पाठीवरचीं अक्षरें. पाठीवरील नक्षीच्या रेषा शर्टाच्या आणि बंडीच्या घर्षणानें जवळजवळ पुसल्या आहेत; तिच्यावरचीं अक्षरें मात्र टोंकदार, कडा बोटास लागतात. आधार झिजला आणि अक्षर झिजलें नाहीं, असें होत नाहीं. हा उघड प्रक्षेप होय. (एका पेढीवर ‘पश्चिम रेल्वे’ असें कोरलेलें घड्याळ सन १९१० चें म्हणून दाखविण्यांत आलें होतें. त्या रेल्वेचा जन्म ५ नोव्हेंबर १९५१ चा!)

स्नेह्यांस दिलेला अभिप्राय असा: किल्ली पूर्ण बसते, बॅलन्स मोकळा झुलतो, स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे थोडे, तेव्हां यंत्र व तबकडी यांचें मोल द्यावें, कवचाचें केवळ चांदीच्या वजनानें, अक्षरांचें कांहीं नाहीं. घेतल्यावर पाठ घांसून तीं अक्षरें काढूं नयेत. त्यांत नक्षीही जाईल. संस्थेस द्यावयाचें झाल्यास नोंदींत ‘यंत्र व तबकडी समकालीन, कवच अन्य घड्याळाचें, पाठीवरील लेख उत्तरकालीन’ एवढें लिहावें आणि परळच्या अधिकाऱ्याचा उल्लेख गाळावा.