फेकले जातो, पण फेकतो कोण?

गतीचे नियम शिकवताना बसचे उदाहरण न देणारा शिक्षक विरळाच. दिवसभर एस.टी. आणि लोकलची वर्दळ असणाऱ्या पनवेलसारख्या गावात तर ते मुलांच्या रोजच्या अनुभवातले. बसने अचानक ब्रेक लावला की ‘जडत्वामुळे आपण पुढे फेकले जातो’, हे वाक्य मुलांना पाठ असते. उदाहरण उत्तम आहे. आमची तक्रार आहे ती या वाक्याबद्दल.

‘फेकले जातो’ म्हटले की फेकणारा कोणीतरी हवा. दुसरा कोणी दिसत नाही, म्हणून मुले जडत्वालाच बल समजतात आणि आकृतीत प्रवाशाच्या पाठीवर पुढच्या दिशेने बाण काढतात. जडत्व हा पदार्थाचा गुणधर्म आहे, बल नव्हे. रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहा. ताशी 36 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 10 मीटर वेगाने जाणारी बस 4 सेकंदांत थांबली, तर 40 किलोग्रॅमच्या मुलाला तिच्याबरोबर थांबण्यासाठी सरासरी 100 न्यूटन बल लागते, तेही मागच्या दिशेने! आसन, दांडा आणि पायाखालची जमीन ते पुरवतात. ते कमी पडले की मूल पुढेच जात राहते. त्याला कोणी ढकललेले नसते. थांबवणारे बल अपुरे पडलेले असते.

हे पटत नसेल तर एक प्रयोग करा. पाण्याने जवळजवळ भरलेली, बूच घट्ट लावलेली बाटली बसमध्ये प्रवासाच्या दिशेने आडवी धरा. ब्रेक लागताच आतला हवेचा बुडबुडा मागे सरकतो! सगळेच पुढे फेकले जात असेल, तर बुडबुडा उलटा का जातो? पाणी आपला वेग टिकवून पुढच्या टोकाशी दाटते आणि हलक्या बुडबुड्याला मागे सारते. पाठ केलेल्या वाक्यात या बुडबुड्याला जागाच नाही.

बसमध्ये बसून हिशेब करणाऱ्याला पुढच्या दिशेचे आभासी बल मानता येते, हे खरे. पण तो महाविद्यालयातला भाग. शाळेत ‘हे बल कोणत्या वस्तूने लावले?’ हा एकच प्रश्न प्रत्येक बाणाला विचारावा. उत्तर नसेल तर बाण खोडावा.

हा केवळ शब्दांचा कीस नाही. पनवेलजवळ कळंबोलीला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो. तेथे सेकंदाला 20 मीटर वेगाने जाणारी मोटार आदळून 0.1 सेकंदात थांबली, तर त्याच मुलाला तितक्याच वेळात थांबवायला सरासरी 8000 न्यूटन बल लागेल. म्हणजे सुमारे 800 किलोग्रॅमचे वजन! हात घट्ट धरून ते मिळणार नाही, पट्टाच हवा. ‘मी फेकला जाणार नाही, धरून बसेन’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळाले असतील, पण पहिला नियम समजलेला नाही.