रेनबो बेंड : नदीला परत दिलेलं वळण

वॉशिंग्टन राज्यात रेंटन आणि मेपल व्हॅली या गावांच्या दरम्यान सीडर नदी एक वळण घेते. त्याचं नाव रेनबो बेंड. सिएटल ज्या जिल्ह्यात येतं त्या किंग काउंटीच्या प्रशासनाने 2013 मध्ये इथला सुमारे 900 फूट लांबीचा पूरबांध काढून टाकला आणि सुमारे 40 एकरांचं पूरमैदान पुन्हा नदीच्या हवाली केलं. सरकारी दप्तरात या कामाची नोंद सॅमन माशांच्या अधिवासाचं पुनरुज्जीवन अशी आहे. मला ते एका उत्तम रचनेसारखं वाटतं, आणि म्हणून ते थर उलगडत वाचायला हवं.

नदीलगतच्या पायवाटेवरून पाहिलं तर इथे कुणी काही केलंय असं वाटतच नाही. विलो आणि कॉटनवूडची झाडी, गोट्यांचे पट्टे, आडवेतिडवे पडलेले ओंडके, मूळ प्रवाहातून फुटून पुढे त्यालाच मिळणारे फाटे. इथे एकेकाळी फिरत्या घरांची वसाहत होती आणि पूर आला की ती पाण्यात जायची, हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. करणाऱ्याचा हात कुठेही न दिसणं हा या रचनेचा पहिला गुण.

आता एका ओंडक्यापाशी थांबू. तो वाहत येऊन अडकल्यासारखा दिसतो, पण मुद्दाम ठेवलेला आहे. झाड मुळांसकट आणायचं, मुळांचा पसारा प्रवाहाच्या तोंडाला ठेवायचा, खोड काठात गाडायचं, दुसरी झाडं त्यात गुंतवायची. पाणी मुळांवर आदळून दुभंगतं, खाली वळून तळ उकरतं आणि तिथे डोह तयार होतो. मुळांच्या आडोशाला वेग मरतो, रेती-गोटे बसतात. उन्हाळ्यात याच नदीवर लोक हवा भरलेल्या ट्यूबवर बसून तरंगत जातात. अशा पाण्यात लाकूड ठेवायचं तर त्यांच्या जिवाचा विचार आधी करावा लागतो, आराखडा लोकांपुढे मांडावा लागतो. म्हणजे त्या एका ओंडक्याच्या जागेत जलशास्त्र जेवढं आहे, तेवढंच लोकांशी झालेलं बोलणंही आहे.

समुद्रातून परतलेले चिनूक सॅमन सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात इथे अंडी घालतात. मादी कुशीवर होते आणि शेपटीचे जोरदार फटके मारते. गोटे उचलले जातात, गाळ वाहून जातो आणि तळात खळगा पडतो. त्यात अंडी घातली की ती थोडी वर सरकते, पुन्हा खणते, आणि तिथून निसटलेले गोटे आधीच्या खळग्यावर पांघरले जातात. पुढचे काही महिने अंडी त्या गोट्यांखाली असतात. फटींमधून थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी खेळत राहिलं तर ती जगतात. नदी दोन्ही बाजूंनी बांधून अरुंद केली की पुराचं सगळं बळ तळावर येतं आणि खळगे अंड्यांसकट खरवडले जातात. बांध हटवला की तेच पाणी मैदानावर पसरतं आणि त्याचा जोर उतरतो.

रचनेचा खरा आशय मात्र पिल्लांपाशी आहे. सीडर नदीतली चिनूकची पिल्लं दोन रीतींनी निघतात. काही गोट्यांतून वर येताच, अगदी इवलीशी असताना, वॉशिंग्टन तलावाकडे वाहत जातात. काही नदीतच काही महिने काढतात, खातात, वाढतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी निघतात. समुद्र गाठून परत येण्याची शक्यता या दुसऱ्या गटात जास्त. पण नदीत थांबायला जागा लागते, उथळ, संथ, झाडाझुडपांनी झाकलेली, आणि बांधलेल्या नदीत नेमकी तीच नसते. रेनबो बेंडचे फाटे आणि काठालगतचं मंद पाणी ही उणीव भरतात. पिल्लाला थांबता यावं, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

हे वळण कुठल्या नदीवर आहे, तेही लक्षात घ्यायला हवं. सीडर पूर्वी ब्लॅक नदीमार्गे डुवामिश नदीला मिळत असे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिला वळवून वॉशिंग्टन तलावात सोडलं गेलं. 1916 मध्ये जहाजांच्या कालव्यामुळे त्या तलावाची पातळी सुमारे 9 फुटांनी खाली आली. त्याआधीच, 1901 मध्ये, सिएटलच्या पाणीपुरवठ्यासाठी लँड्सबर्गला बांधलेल्या धरणाने माशांची वरची वाट अडवली होती. ती 2003 मध्ये मोकळी झाली. इतक्या वेळा मोडलेल्या नदीवर एका वळणाचं काम मोठं ठरतं ते या पार्श्वभूमीवर.

आता या रचनेमागचा माणूस पाहू, म्हणजे स्थानिक प्रशासनाचा समन्वयक. तो स्वतः खोदत नाही, झाड लावत नाही, आराखडाही काढत नाही. त्याच्या हाती असते कामांची यादी. प्युजेट साउंड या इथल्या समुद्रखाडीचा चिनूक मार्च 1999 मध्ये संघराज्याच्या कायद्याखाली संकटग्रस्त ठरला. त्याच्या आदल्याच वर्षी वॉशिंग्टन राज्याने कायदा करून एकेका खोऱ्यातली कामं ठरवायचं काम तिथल्याच लोकांकडे दिलं होतं. सीडर ज्यात येते त्या वॉशिंग्टन तलावाच्या खोऱ्यात दोन डझनांहून अधिक नगरपालिका आणि काउंट्या करार करून एकत्र आल्या. त्या आपापसात खर्च वाटून घेतात, आणि 2005 मध्ये त्यांनी आपला संवर्धन आराखडा तयार केला. कामं सुचवली गेली की जाणकारांची समिती माशांना होणारा लाभ तपासते, नागरिकांची समिती क्रम लावते आणि यादी राज्याच्या निधी मंडळाकडे जाते. कोणतं काम आधी, कोणतं मागून, हे प्रत्येकाला पटेल असं जुळवणं ही समन्वयकाची कसोटी.

यात मूळ रहिवाशांचं स्थान पाहुण्याचं नाही. न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी 1974 मध्ये निकाल दिला की, सरकारने त्यांच्याशी केलेल्या जुन्या करारांनुसार पकडता येण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा आदिवासी राष्ट्रांचा आहे. तेव्हापासून ती राष्ट्रं राज्याच्या बरोबरीने मासळीचा कारभार पाहतात. त्यांना नंतर कळवून चालत नाही, पहिल्या बैठकीपासून सोबत घ्यावं लागतं. जमीन घ्यायची ती विकायला राजी असलेल्याकडूनच, म्हणजे मालकाच्या मनाची वाट पाहणं आलं. घरं हलवायची तर माणसांची सोय आधी. आणि पाण्यात यंत्रं उतरवायची तर माशांना कमीत कमी त्रास होईल अशा उन्हाळ्याच्या मोजक्या आठवड्यांतच. त्या आठवड्यांआधी सगळे परवाने हातात हवेत आणि निधीची मुदतही उलटलेली नको. वर्षानुवर्षांचा विलंबित ख्याल आणि शेवटी मोजक्या आवर्तनांची द्रुत, अशी या कामाची लय आहे. विलंबितात जागा नीट भरल्या असतील तरच द्रुत रंगते.

या कामाला मर्यादाही आहेत. इथून निघालेल्या पिल्लाला पुढे तलावातले शिकारी मासे, काठाने ओळीने उभे धक्के, उन्हाळ्यात तापणारा कालवा आणि समुद्राच्या तोंडाशी बॅलार्डला असलेली जहाजांसाठीची पाणदारं ओलांडायची असतात. चिनूक आजही संकटग्रस्तांच्या यादीत आहे. एका वळणाने नदी सावरत नाही, आणि चांगला समन्वयक तसं आश्वासनही देत नाही. तो रोपांची देखभाल, उपऱ्या नॉटवीडची काढणी, आणि रेंटनजवळ सापळे लावून होणारी पिल्लांची मोजणी यांचा खर्च कामाच्या जमाखर्चात आधीच धरायला लावतो. फीत कापण्याच्या दिवसाइतकीच त्याला पुढच्या दहा वर्षांची काळजी असते. मला तर हाच त्याच्या कलेचा सर्वांत मोठा गुण वाटतो, कारण या दहा वर्षांसाठी टाळी वाजवणारं कुणी नसतं.

रेडमंड-बेलव्ह्यू परिसरात आज पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात. त्यांच्या दाराजवळून वाहणाऱ्या बेअर क्रीक आणि सॅमामिश नदी याच खोऱ्यातल्या, याच आराखड्यातल्या. या कामांचा निर्णय करणाऱ्या बैठका सर्वांना खुल्या असतात. तिथे जाऊन बसावं, पुढच्या बांधाबद्दल, पुढच्या जमिनीबद्दल विचारावं, आणि पैसा देखभालीलाही मिळावा असा आग्रह धरावा. कामांची पुढची यादी अशा आग्रहानेच भक्कम होते, आणि समन्वयकाच्या कामाला याहून खरी दाद दुसरी नाही.