खेळाची संहिता आणि हिरवे रक्त : एक पाठविचार

संहितेतील एक शब्द पालटला तरी अर्थाचा तोल ढळतो, हे तत्त्व ग्रंथांच्या बाबतीत आपल्याकडे फार पूर्वीपासून मान्य आहे. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती याच जाणिवेने. परंतु व्हिडिओ गेमलाही संहिता असते आणि तिच्यातही पाठभेद संभवतात, याचा विचार आपल्या समीक्षेत फारसा होत नाही. वणीसारख्या तालुक्याच्या गावी तरुणांचा या प्रकाराशी परिचय बहुधा मोबाइलवरच होतो. जी आवृत्ती हाती पडते तीच मूळ, असा समज तेथे सहज रूढ होतो. म्हणून हा प्रश्न केवळ करमणुकीचा नव्हे.

2018 मध्ये आलेल्या ‘पब्जी मोबाइल’चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. केंद्र सरकारने 2 सप्टेंबर 2020 रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 69 अ या कलमान्वये 118 अ‍ॅपांवर बंदी घातली, त्यांत हा खेळ होता. त्याच वर्षी 30 ऑक्टोबरला त्याची भारतातील सेवा थांबली. पुढे 2 जुलै 2021 रोजी तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने अवतरला. बंदीची जाहीर कारणे देशाची सुरक्षितता व नागरिकांच्या माहितीचे रक्षण ही होती. हिंसेचे चित्रण हे त्यांत नव्हते. तरीही नव्या आवृत्तीत लाल रक्ताची जागा हिरव्या रंगाने घेतली, ‘किल’ या शब्दाऐवजी ‘फिनिश’ हा शब्द आला आणि हे जग आभासी असल्याची सूचना आरंभी होऊ लागली. राजकोट पोलिसांनी मार्च 2019 मध्ये या खेळास मनाई करून काही तरुणांना अटक केली होती. अशा लोकमताची धास्ती या बदलांमागे असावी, असे अनुमान करता येईल.

आता या पालटाचे मूल्यमापन करू. अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाकाठी तीन तासांची मर्यादा घातली गेली. ती बाह्य व्यवस्था होय. तिने संहितेस धक्का लागत नाही. रंग व शब्द यांचे तसे नाही. नेम धरणे, गोळी झाडणे आणि शंभरांतून अखेरचा उरणे ही खेळाची मूळ क्रिया जशीच्या तशी राहिली. पुसली गेली ती केवळ त्या क्रियेच्या परिणामाची खूण. त्यामुळे खेळ अहिंसक झाला नाही, कमी प्रामाणिक मात्र झाला. शब्दबदल तर याहून उद्बोधक आहे. ‘फिनिश’ हा शब्द सौम्य म्हणून योजिला असावा. पण मराठीत ‘मारले’ यापेक्षा ‘संपवले’ हे अधिक थंड, अधिक निर्दय वाटते. ज्या भाषिक समाजासाठी शोधन करावयाचे, त्याचा कानच येथे विचारात घेतलेला नाही.

यावर कोणी म्हणेल, मुलांच्या हितासाठी थोडी काटछाट क्षम्य आहे. हे मान्य करूनही एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर 1910 मध्ये बंदी आली, तेव्हा काय रोखले गेले हे सर्वांस ठाऊक होते आणि नाटकाचा पाठ पुढील पिढ्यांना उपलब्ध राहिला. जेथे बंदी उघड असते, तेथे मूळ कृतीचे भान टिकते. गुपचूप पालटलेली आवृत्ती ते भानच नाहीसे करते. ‘फॉलआउट 3’ हा खेळ 2008 मध्ये सांस्कृतिक संवेदनशीलतेचे कारण देऊन भारतात आणला गेला नाही. नेमके काय खटकले ते विशद झाले नाही. त्यातील दुतोंडी गुरांचे ‘ब्राह्मिन’ हे नाव खटकले असावे, असा तर्क मात्र लढविला गेला. याउलट जर्मनीत खेळांचे वयोगट ठरविणाऱ्या संस्थेने ऑगस्ट 2018 मध्ये आपले धोरण बदलले. नाझी चिन्हे असलेल्या खेळाचा विचार संदर्भ पाहून स्वतंत्रपणे होऊ लागला.

खरी अडचण मूळ प्रतीची आहे. एकनाथांपुढे ताडून पाहावयास अनेक पोथ्या होत्या. सर्व्हरवर चालणाऱ्या खेळाची पोथी मात्र खेळाडूच्या घरी नसतेच. सेवा थांबली की यंत्रात उरते ते निर्जीव कवच. भारतीय आवृत्तीही जुलै 2022 मध्ये अ‍ॅप-दुकानांतून काढली गेली व मे 2023 मध्ये परतली. 1954 च्या कायद्याने प्रकाशित पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात व इतर नेमलेल्या ग्रंथालयांत जमा होते. त्यामुळे वणीचा अभ्यासक निदान मुंबईपर्यंत जाऊन ती पाहू शकतो. खेळासाठी हा कायदा नाही, म्हणून त्याचा प्रवासही व्यर्थ ठरतो.

तेव्हा मागणी माफक आहे. आवृत्ती पालटणाऱ्याने पाठभेदांची यादी प्रसिद्ध करावी, आणि मूळ व शोधित अशा दोन्ही प्रती, त्या चालतील अशा व्यवस्थेसह, एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात अभ्यासार्थ ठेवाव्यात. मुलांच्या हाती काय द्यावे याविषयी मतभेद राहतील. परंतु जे दिले ते कशातून कापून दिले, हे जाणण्याचा अधिकार वाचकाइतकाच खेळाडूचाही आहे.