मुंबईहून गेलेली पोलादाची वडी आणि लंडनमधला एक चाकू: १७९५ चा पेपर कसा वाचायचा?



पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "तुम्हाला आवडलेला एक पेपर सांगा, आणि त्यात कच्चं काय आहे तेही सांगा." पहिल्या भागाची तयारी सगळेच करतात. दुसऱ्या भागाला आपण "सॅम्पल साइझ लहान होता" असं काहीतरी पुटपुटतो. म्हणून आज एका पेपरची चिरफाड एकत्र करू. पेपर मुद्दाम जुना घेतलाय, कारण उत्तर काय निघालं ते आज माहीत आहे. आणि त्याची सुरुवात आपल्या खाडीपलीकडे, मुंबईत होते.

१७९४ मध्ये कंपनी सरकारच्या नोकरीतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी मुंबईहून लंडनला, रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे एका पोलादाचे नमुने पाठवले. नाव वुट्झ. इतकं कडक पाणी घेणारं पोलाद आपल्याला माहीत नाही, असा स्कॉट यांच्या पत्राचा सूर होता. जॉर्ज पिअर्सन या डॉक्टर-रसायनज्ञाने त्यावर प्रयोग केले आणि १७९५ मध्ये सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये पेपर छापला.

आधी यातलं चांगलं बघू. रिव्ह्यू करताना हा क्रम सोडू नका.

पिअर्सन फक्त आम्लात तुकडे विरघळवून थांबले नाहीत. बँक्स यांच्या सांगण्यावरून जेम्स स्टोडार्ट या चाकू आणि शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणाऱ्या कारागिराने त्याच वडीतून एक छोटा चाकू घडवला. घडवताना तापमान किती? पेपरमधलं वर्णन असं, की धातूची लाली फक्त अंधारात दिसेल इतकंच. थर्मामीटर नाही, पण दुसऱ्या लोहाराला करून बघता येईल इतकं नेमकं. चाकूची धार उत्तम पोलादाच्या तोडीची निघाली. घडवायला त्रास खूप, तरी बऱ्याच कामांना हे इंग्लंडमधल्या पोलादापेक्षा सरस, असं स्टोडार्टचं मत पडलं, आणि ते त्याच्या नावानिशी पेपरात आहे.

हे महत्त्वाचं का? वुट्झमध्ये कार्बन साधारण दीड टक्क्याच्या आसपास असतो, म्हणजे नेहमीच्या पोलादाच्या मानाने खूपच जास्त. असं पोलाद पांढरं होईस्तोवर तापवून ठोकलं की ते चुरा होतं. स्टोडार्टची "अंधारातली लाली" हा म्हणूनच त्या पेपरातला एक मोलाचा डेटा पॉइंट आहे, आणि तो रसायनज्ञाचा नाही, कारागिराचा आहे.

आता कच्चं काय ते.

पहिली चूक शीर्षकात. पोलाद मुंबईत बनतं, असं शीर्षक सांगतं. मुंबई हे फक्त ते जहाजावर चढवायचं बंदर होतं. वुट्झच्या भट्ट्या दक्षिणेत होत्या: म्हैसूर, तामिळ मुलूख, आणि आजच्या तेलंगणातलं कोनसमुद्रम. सॅम्पल जिथून हातात आलं ते ठिकाण आणि सॅम्पल जिथे तयार झालं ते ठिकाण, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजही "सप्लायर: तुर्भे" एवढंच लिहून मोकळे होणारे आपण कमी नाही!

दुसरी चूक मोठी आहे. पिअर्सन यांचा निष्कर्ष असा: वुट्झ थेट खनिजापासून बनतं, ते कधीच घडीव लोखंडाच्या अवस्थेतून गेलेलं नाही. तर्क साधा होता. ही वडी वितळून ओतल्यासारखी दिसते. घडीव लोखंड वितळवणं तर जवळजवळ अशक्य. म्हणजे सुरुवात घडीव लोखंडापासून झालेली नसणार.

थोड्याच वर्षांत फ्रान्सिस ब्युकॅनन म्हैसूर भागात फिरले, भट्टीपाशी उभे राहिले आणि १८०७ मध्ये त्यांचं वर्णन छापून आलं. कारागीर मातीच्या मुशीत घडीव लोखंडाचेच तुकडे घालत होते! सोबत तरवडाच्या काड्या आणि हिरवी पानं, वरून मातीने तोंड बंद. बंद मुशीत लाकडाचा कोळसा होतो, लोखंड कार्बन शोषतं आणि त्याचा वितळणबिंदू खाली येतो. शुद्ध लोखंडाला १५३८ अंश सेल्सिअस लागतात, कार्बन मुरलेल्याला त्यापेक्षा बरेच कमी. पिअर्सन यांना जे अशक्य वाटलं, ते तरवडाच्या काडीने शक्य केलं होतं.

पिअर्सन यांच्यावर अन्याय नको. लोखंड आणि पोलाद यांतला फरक कार्बनचा, हे फ्रेंच रसायनज्ञांनी मांडून जेमतेम नऊ वर्षं झाली होती. माझा आक्षेप त्यांच्या रसायनशास्त्रावर नाही, त्यांच्या ठामपणावर आहे. तयार वस्तू पाहून प्रक्रिया ओळखणं हा अंदाज असतो, आणि तो त्यांनी निष्कर्ष म्हणून लिहिला. चाकू घडवणाऱ्याला विचारलं, कारण तो लंडनमध्येच होता. पोलाद बनवणाऱ्याला विचारायची सोय नव्हती. मग त्याबद्दलचं वाक्य तरी "असावं" असं संपायला हवं होतं.

पुढचा इतिहास याच दोन वाटांचा आहे. १८२० मध्ये पोलादाच्या मिश्रधातूंवर एक पेपर आला, लेखक स्टोडार्ट आणि फॅरेडे. कारागिराचं नाव पहिलं, आणि दुसरा लेखक स्वतः लोहाराचा मुलगा. १९९८ मध्ये अमेरिकेत व्हर्होवेन हे धातुशास्त्रज्ञ आणि पेंड्रे हे लोहार यांनी मिळून दाखवलं, की पात्यावरच्या नागमोडी नक्षीमागे व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचा अगदी किंचित अंश असतो. हे त्यांना पाती पुन्हा घडवून दाखवता आलं. याउलट २००६ मध्ये 'नेचर'मध्ये जुन्या तलवारीत कार्बन नॅनोट्यूब सापडल्याचा पेपर आला आणि बातम्या भरपूर झाल्या, पण तपासलेली तलवार एकच होती. दोन्ही पेपर शेजारी ठेवून वाचा, फरक आपोआप कळेल.

आता हे सगळं मला का टोचलं ते सांगते. दुसऱ्या वर्षी माझे स्टीलचे नमुने तळोज्याच्या एका वर्कशॉपमध्ये कापून घेतले होते. मशीनवरचे काका म्हणाले, "मॅडम, हा रॉड एकसारखा नाहीये. मध्ये टूल वेगळं चालतंय." मी हसून "हो का" म्हटलं आणि निघाले. तीन आठवडे कडकपणाचे आकडे जुळेनात. शेवटी मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर रॉडच्या मधल्या भागाची रचना खरंच वेगळी होती. काकांनी ते हाताने ओळखलं होतं, माझ्या वहीत मात्र त्याची नोंदच नव्हती.

थीसिसमध्ये ते वाक्य आता मेथड्सच्या प्रकरणात आहे, त्यांना विचारून, त्यांच्या नावासकट. आभाराच्या पानावर नाही, कारण ते आभार नाहीत, ते निरीक्षण आहे.

तुमच्यासाठी गृहपाठ: मुलाखतीसाठी निवडलेला पेपर उघडा आणि तीन प्रश्न विचारा. नमुना नक्की कुठून आला? तो कोणाच्या हातून गेला? आणि लेखकांनी स्वतः न पाहिलेली कुठली गोष्ट पाहिल्यासारखी लिहिली आहे? तिसऱ्याचं उत्तर सापडलं की "यात कच्चं काय" या प्रश्नाला सॅम्पल साइझच्या मागे लपावं लागणार नाही.

कुठला पेपर घेतलात ते जरूर कळवा.